दान मिळालेल्या मूत्रपिंडाची राखण

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावी आईने आपले एक मूत्रपिंड मुलाला दिले, किंवा पत्नीने पतीला दिले, अशी वार्ता पसरते, आणि छत्रपती संभाजीनगर, पुणे अथवा मुंबई येथील रुग्णालयातून ती दोघे घरी परततात, तेव्हा आप्तेष्टांची सहज समजूत अशी होते की संकट टळले, शल्यक्रिया यशस्वी झाली, आणि आता थोड्या दिवसांच्या पथ्यानंतर सारे पूर्ववत चालू होईल. ही समजूत स्वाभाविक असली तरी अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणामुळे हाती आलेले मूत्रपिंड पुन्हा गमावण्याचा प्रसंग ओढवू शकतो, म्हणूनच हा विषय सविस्तर मांडण्याची निकड मला वाटते. शल्यक्रिया काही तासांत संपते. परंतु त्या मूत्रपिंडाला शरीरात टिकवून धरण्याचे काम ते चालते आहे तोवर संपत नाही, आणि हे काम शहरातल्या रुग्णालयापेक्षा रुग्णाच्या स्वतःच्या घरात, त्याच्या तालुक्याच्या गावी, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या आणि औषध दुकानदाराच्या हातून पार पडत असते.

प्रत्येक मनुष्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए या नावाने ओळखली जाणारी प्रथिने असतात. ती निम्मी आईकडून व निम्मी वडिलांकडून आलेली असतात, आणि रक्तातील टी-पेशी त्यांच्यावरूनच आपले कोण व परके कोण हे ठरवितात. आईचे मूत्रपिंड मुलाच्या शरीरात आले तरी त्यावरील निम्म्या खुणा बहुधा त्या शरीराला अनोळखीच असतात, आणि पत्नीच्या मूत्रपिंडावरील तर जवळजवळ साऱ्याच. त्यामुळे देणाऱ्याची माया कितीही निःसीम असो, घेणाऱ्याचे शरीर त्या अवयवावर चालून जाते. त्याला आवर घालण्यासाठी प्रतिकारशक्ती औषधांनी मंद करावी लागते. पण जी शक्ती नव्या मूत्रपिंडावर उठते तीच क्षयाच्या जंतूंना, बुरशीला, नागिणीच्या विषाणूला एरवी रोखून धरीत असते, आणि पहिल्या कामापुरती तिला निजवून दुसऱ्या कामासाठी जागी ठेवील असे औषध अद्याप कोणाच्याही हाती आलेले नाही. माजलगावच्या धरणावर पावसाळ्यात पाण्याची पातळी तासातासाला मोजून दरवाजे किती उचलायचे याचा निर्णय ज्या सावधपणे घ्यावा लागतो, आणि गेल्या वर्षी किती उचलले होते या आठवणीवर विसंबता येत नाही, त्याच प्रकारचा हा कारभार आहे; फरक इतकाच की येथे मोसम कधी संपत नाही.

हा पेच किती कठीण आहे याची साक्ष प्रत्यारोपणाचा इतिहासच देतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसविले आणि ते चालले. परंतु ते दोघे भाऊ हुबेहूब एकसारखे जुळे होते, त्यांच्या पेशींवरील खुणांत भेद नव्हता, आणि म्हणून प्रतिकारशक्तीशी झगडण्याचा प्रश्नच तेथे उद्भवला नाही. जुळे भावंड नसलेल्यांचे काय, या प्रश्नाला पुढे काही वर्षे डॉक्टरांनी दिलेले उत्तर भयंकर होते: संपूर्ण शरीरावर क्ष-किरणांचा मारा करून प्रतिकारशक्ती समूळ खाली आणावयाची. बॉस्टनमध्ये अशा रीतीने उपचार केलेल्या बारा रुग्णांपैकी केवळ एक दीर्घकाळ जगला. शरीराने मूत्रपिंड नाकारू नये म्हणून योजलेल्या उपायाने रुग्ण संसर्गापुढे निराधार झाले. ज्या विवंचनेत आज केजचा किंवा गेवराईचा रुग्ण आहे, तीच विवंचना त्या पहिल्या दिवसांपासून या शास्त्राच्या पाठीशी लागलेली आहे, आणि पुढची सारी प्रगती म्हणजे तिची धार थोडी थोडी बोथट करण्याचा उद्योग होय.

गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांच्या प्रयोगशाळेतून आलेले अझाथायोप्रिन १९६०च्या दशकाच्या आरंभी उपयोगात आले, त्याला स्टेरॉइडची जोड मिळाली, आणि जुळे नसलेल्यांचे प्रत्यारोपणही शक्य झाले. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यातल्या बुरशीपासून स्वित्झर्लंडमध्ये सायक्लोस्पोरिन तयार झाले व केंब्रिजच्या डॉ. रॉय काल्न यांनी १९७८ साली ते रुग्णांना दिले. १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून टॅक्रोलिमस मिळाले, जे आज आपल्याकडील बहुतेक रुग्णांच्या चिठ्ठीवर पहिल्या क्रमांकाने लिहिलेले असते. आणि ईस्टर बेटाच्या मातीतून निघालेल्या रॅपामायसिनचा पाठपुरावा सुरेन सहगल या भारतीय शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे चिकाटीने केला. यांतली शेवटची तीन औषधे मातीने दिली, आणि ती घेणाऱ्याला मात्र मातीपासूनच जपून राहावे लागते, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मनाला फार लागते. आपल्या देशात पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली यश आले, आणि १९९४च्या अधिनियमाने अवयवदानाला कायद्याची चौकट मिळाली.

आता प्रत्यक्ष औषधांचा तपशील. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी तीन औषधे बहुधा एकत्र दिली जातात. आरंभी त्यांची मात्रा मोठी असते, कारण पहिल्या काही महिन्यांतच शरीराचा विरोध सर्वाधिक प्रखर असतो, आणि पुढे ती क्रमाने उतरविली जाते. टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजतात. सामान्यतः पहिल्या महिन्यांत ते एका मिलिलिटरला आठ ते दहाच्या आसपास आणि पुढे पाच ते आठच्या दरम्यान ठेवण्याचा शिरस्ता आहे, जरी प्रत्येक केंद्राचा आणि प्रत्येक रुग्णाचा आकडा थोडा निराळा असतो. इतक्या सूक्ष्म प्रमाणात दोन-तीन आकड्यांचा फरक पडला तरी परिणाम मोठा होतो: खाली गेले तर अवयव नाकारला जाण्याचा धोका, वर गेले तर संसर्गाचा, हात थरथरण्याचा, मधुमेहाचा, आणि सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे त्याच मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका, ज्याच्या रक्षणासाठी ते औषध घेतले जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १,६४५ रुग्णांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात चार निरनिराळ्या योजनांची तुलना झाली, आणि तीत टॅक्रोलिमस कमी मात्रेत देण्याची योजना मूत्रपिंडाचे कार्य व त्याचे टिकणे या दोन्ही बाबतींत सरस ठरली. औषध जितके अधिक तितके संरक्षण अधिक, हा भ्रम त्या अभ्यासाने दूर केला.

संसर्गांनाही आपापला काळ असतो. पहिल्या महिन्यात शस्त्राची जखम, लघवीची नळी आणि रुग्णालयातील जंतू यांचे भय असते. दुसऱ्या महिन्यापासून सुमारे सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक, कारण औषधांचा अंमल तेव्हा पूर्णतया बसलेला असतो. निरोगी माणसात वर्षानुवर्षे मुकाट पडून राहिलेला सायटोमेगॅलो विषाणू, फुप्फुसातील न्युमोसिस्टिस, निरनिराळ्या बुरशी याच सुमारास डोके वर काढतात. यास्तव को-ट्रायमॉक्साझोल आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या गोळ्या ठराविक मुदतीपर्यंत दिल्या जातात. खर्चाची तोंडमिळवणी करताना घरातील माणसे याच गोळ्यांवर प्रथम कात्री चालवितात, कारण किडनीच्या मुख्य गोळ्या निराळ्या आहेत आणि या वरच्या आहेत असे त्यांना वाटते. ही चूक अत्यंत महागात पडणारी आहे, आणि रुग्णाला घरी पाठविताना ती समजावून सांगण्यासाठी अर्धा तास वेगळा काढला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात क्षयरोगाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. वेल्लोर येथे प्रत्यारोपण झालेल्या १,२५१ रुग्णांच्या नोंदींचा जो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, त्यात १६६ जणांना, म्हणजे शंभरात तेरांना, पुढे क्षय झालेला आढळला. हा क्षय नेहमीच खोकल्याने प्रगट होत नाही; कित्येकदा केवळ बारीक ताप, वजनातील घट आणि मरगळ एवढीच त्याची इतल्ला असते. आणि येथे पेच दुहेरी होतो, कारण क्षयावरील मुख्य औषध रिफाम्पिसिन हे यकृतातील अशा विकरांना चेतविते की ज्यामुळे टॅक्रोलिमसचा झपाट्याने निचरा होऊन रक्तातील त्याचे प्रमाण कोसळते. क्षयाचा उपचार प्रामाणिकपणे चालू आहे, गोळ्या एकही चुकलेल्या नाहीत, आणि तरीही शरीर मूत्रपिंड नाकारू लागले, असा प्रसंग उद्भवतो. यावर उपाय आहेत: रिफाम्पिसिनऐवजी दुसरी औषधे योजणे, किंवा टॅक्रोलिमसची मात्रा पुष्कळ वाढवून वारंवार रक्त तपासणे. परंतु त्यासाठी क्षयाचा उपचार सुरू करणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरांना रुग्णाच्या शरीरात दुसऱ्याचे मूत्रपिंड आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी दूरध्वनी गेला पाहिजे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण बीके विषाणूचे. बहुतेक माणसांच्या शरीरात हा विषाणू बालपणीच शिरतो आणि मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती फार दबली की तो नव्या मूत्रपिंडातच वाढू लागतो आणि त्याचे कार्य हळूहळू बिघडवितो. त्यावर खात्रीचे औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मोजूनमापून कमी करणे हाच मुख्य उपाय. म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण असलेले रक्तातील क्रिएटिनिन वाढले म्हणून दोन रुग्ण एकाच दिवशी आले, तर एकाला औषध वाढवावे लागेल, कारण त्याचे शरीर अवयव नाकारीत आहे, आणि दुसऱ्याला कमी करावे लागेल, कारण त्याच्या मूत्रपिंडात विषाणू माजला आहे. कागदावरील आकडा दोघांचा एकच. त्यांच्यातील भेद रक्तातील विषाणूच्या तपासणीने, औषधाच्या लेव्हलने, सोनोग्राफीने आणि अखेरीस मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून केलेल्या बायॉप्सीनेच कळतो. या एका गोष्टीसाठी मी हा सारा लेख लिहीत आहे असे म्हटले तरी चालेल: प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या बाबतीत अंदाजाने औषध वाढविणे आणि अंदाजाने औषध बंद करणे ही दोन्ही सारखीच घातक आहेत, मग तो अंदाज अनुभवी डॉक्टरांचा असो, शेजाऱ्याचा असो, की रुग्णाचा स्वतःचा.

तापाचेही तसेच. प्रेडनिसोलोनमुळे ताप दबतो, वेदना दबते, सूज दबते. त्यामुळे शंभर अंशांचा ताप, जो इतरांच्या बाबतीत एक रात्र वाट पाहण्याजोगा मानला जातो, तो येथे त्याच दिवशी रुग्णालयाला कळविण्याजोगा असतो. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसचे शोषण वाढून त्याचे प्रमाण विषारी मर्यादेपर्यंत चढू शकते, आणि त्यात शरीरातील पाणी कमी झाल्याची भर पडली की मूत्रपिंडावर दोन्हीकडून आघात होतो. अंग दुखते म्हणून दुकानातून घेतलेले डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, घसा बसला म्हणून दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन, त्वचेवर गजकर्ण उठले म्हणून दिलेले फ्लुकोनाझोल, यांतले पहिले दोन मूत्रपिंडाला थेट बाधतात आणि उरलेले दोन टॅक्रोलिमसची पातळी वर ढकलतात. अझाथायोप्रिन घेणाऱ्याला गाऊटच्या संधिवातासाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिले, तर अस्थिमज्जेचे काम मंदावून रक्तपेशी धोक्याच्या पातळीपर्यंत घटू शकतात. प्रतिकारशक्ती वाढविणारा म्हणून जो काढा, जे चूर्ण, जी गुळवेल मोठ्या आपुलकीने पुढे केली जाते, ती येथे नाकारली पाहिजे. देणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी जी शक्ती आवरून धरण्यासाठी सारा खटाटोप चालला आहे, तिलाच चेतविण्याचा तो प्रयत्न आहे.

बीड जिल्ह्याचा विचार करताना ऊसतोडीचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. दसरा उलटला की या जिल्ह्यातून फार मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांकडे रवाना होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि पुढचे कित्येक महिने फडाच्या कडेला उभारलेल्या कोपीत काढावे लागतात. ज्या घरात पत्नीने पतीला मूत्रपिंड दिले, त्या घरातला तो कोयता निदान काही काळ मोडतो. आणि शल्यक्रियेच्या आधीच्या डायलिसिसच्या काळात उचल बहुधा खर्ची पडलेली असते. अशा वेळी घरावर जे दडपण येते ते ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना, एखादा रुग्ण सहा-आठ महिन्यांनी पुन्हा फडावर का जातो, हे सांगावे लागणार नाही. परंतु फडावर उन्हात घाम गाळून पाणी अपुरे पडणे, मिळेल त्या ओढ्याचे वा टँकरचे पाणी पिणे, पहाटे चारला गाडी भरताना सकाळच्या गोळीची वेळ टळणे, पाचटाचा धुरळा श्वासावाटे जाणे, आणि महिन्याच्या तपासणीची तारीख हुकणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या मूत्रपिंडावर घाला घालणारी आहे. या माणसाला बसून करता येण्याजोगे काम मिळणे हा त्याच्या औषधोपचाराचाच भाग आहे असे मी मानतो, आणि कारखान्यांनी, ग्रामपंचायतींनी व समाजकल्याण खात्याने त्याची तजवीज करावी अशी माझी कळकळीची मागणी आहे.

जो घरीच राहतो त्यालाही कडब्याची गंज हलविणे, भुसा उडविणे, गोठ्यातील शेण काढणे, कबुतरांची विष्ठा साचलेला माळा झाडणे ही कामे वर्ज्य असावीत, कारण कुजलेल्या चाऱ्यातील बुरशीचे कण आणि पक्ष्यांच्या विष्ठेतील जंतू थेट फुप्फुसात जातात. करण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हा निदान नाकातोंडावर चांगला मास्क हवा. धारोष्ण दूध पिऊ नये, पाणी उकळून घ्यावे, उघड्यावर कापून ठेवलेली फळे टाळावीत. बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ घरी आणून, धुऊन, आपल्या हाताने फोडून खाण्याला, रक्तातील साखर व पोटॅशियम ठीक असल्यास, सहसा हरकत नसते. नागीण उठली तर ती उतरविण्यासाठी कोणाकडे नेण्याच्या भानगडीत पडू नये. पहिल्या बहात्तर तासांत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर यातना आणि गुंतागुंत दोन्ही कमी होतात, आणि प्रत्यारोपित रुग्णात ती अंगभर पसरण्याचे भय असते. लसींचाही नीट विचार हवा: फ्लू, न्युमोकोकस, कावीळ-ब यांच्या निर्जीव लसी द्याव्यात, मात्र गोवर वा कांजिण्या यांच्या जिवंत लसी देऊ नयेत, घरातील बाळाला तोंडावाटे पोलिओचे थेंब पाजावयाचे असतील तर डॉक्टरांना तसे आधी विचारावे, कारण त्यातील जिवंत विषाणू बाळाच्या विष्ठेतून काही काळ बाहेर पडत असतो.

खर्चाबाबत थोडक्यात लिहितो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा पूर्वी अडीच लाख रुपये होती, ती २०२३च्या शासन निर्णयाने साडेचार लाख झाली, आणि त्यामुळे पुष्कळांना शल्यक्रियेचा विचार तरी करता येऊ लागला. परंतु गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. स्वस्त कंपनीची गोळी घेण्यात गैर काही नाही. मात्र कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा तपासली पाहिजे, आणि दुकानदाराने रुग्णाला न विचारता एकाऐवजी दुसरी देऊ नये.

शेवटी तपासणीच्या प्रवासाविषयी, कारण माझ्या मते बीडकरांचा प्रश्न मुख्यतः तेथेच अडतो. टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त द्यावयाचे ते आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी. बीडहून संभाजीनगर सुमारे सव्वाशे किलोमीटर, परळी व अंबाजोगाई त्याहून पुष्कळ दूर. पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस सवयीने घरीच गोळी गिळून निघाला तर त्या दिवशीचा आकडा खोटा मोठा येतो, त्या आकड्यावरून मात्रा उतरविली जाते, आणि महिनाभर शरीर कमी औषधावर राहते. म्हणून गोळी खिशात घेऊन निघावे आणि रक्त दिल्यावरच घ्यावी. परंतु या माणसाने दर वेळी इतका प्रवास करण्याची वास्तविक गरजच नाही. लेव्हलसाठी लागणारे रक्त जांभळ्या टोपणाच्या साध्या नळीत घेता येते आणि थंड ठेवल्यास काही दिवस टिकते. ग्रामीण भागासाठी म्हणूनच १९७४ साली स्थापन झालेले अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय, या दोन ठिकाणी आठवड्यातील एक वार ठरवून सकाळी आठ ते नऊ या वेळात प्रत्यारोपित रुग्णांचे रक्त घ्यावे, नळीबरोबरच्या चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची वेळ, सध्याची मात्रा, गेल्या पंधरा दिवसांत घेतलेली इतर औषधे आणि ताप आला होता की नाही एवढा मजकूर लिहून ती प्रत्यारोपण केंद्राकडे रवाना करावी, आणि तेथील डॉक्टरांनी मात्रेचा हुकूम दूरध्वनीने रुग्णाला व लेखी त्याच्या तालुक्याच्या डॉक्टरांना कळवावा. याला नवी इमारत लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. एक शीतपेटी, एक नोंदवही आणि ती चालविणारा एक जबाबदार कारकून पुरेसा आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने हा विषय येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.